दर गणपतीत बसणारी बॅटरी

आधी लक्षण सांगतो, तुमचं दुखणं हेच असेल तर पुढे वाचा.

घरात छोटा सोलर इन्व्हर्टर. १२ व्होल्टची एकच ट्युब्युलर बॅटरी, १५० अँपिअर-तासांची. कौलांवर एक पॅनेल. मार्च-एप्रिलमध्ये लाइट गेली तर पंखा, दिवे, राउटर निवांत चालतात. जुलैत कुरकुर सुरू होते. आणि गणपतीत मुंबईची मंडळी आलेली, घरात पंधरा माणसं, आरती नुकती सुरू झालेली, अशा वेळी लाइट जाते आणि पाऊण तासात इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो. दुकानदार म्हणतो, बॅटरी बसली. नवीन आणता. दिवाळी, शिमगा बरा जातो. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या गणपतीत परत तेच.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा विजेचे खांब आणि माड एकमेकांवर आडवे झाले होते, आणि वाडीत लाइट परत यायला महिन्याच्या वर गेला. त्या धसक्याने त्याच वर्षी दिवाळीत सोलर बसवलं. पहिली बॅटरी २०२२ च्या गणपतीत गेली. दुसरीने २०२३ च्या गणपतीत तोच सूर लावला. नीट सांभाळलेली ट्युब्युलर बॅटरी पाच-सहा वर्षं सहज जाते. आमच्याकडे पहिली जेमतेम दोन वर्षं टिकली आणि दुसरी एका वर्षात धापा टाकायला लागली. तिसरीचे पैसे मोजायच्या आधी म्हटलं, एकदा आकडे मोजून बघू.

बॅटरीचा दोष शेवटी फारच थोडा निघाला. ती उपाशी होती.

पहाटेचा आकडा

सामान तीन वस्तूंचं. साधा डिजिटल मल्टिमीटर, बॅटरीचा हायड्रोमीटर आणि क्लॅम्प मीटर. क्लॅम्प मीटर घेताना डीसी अँपिअर मोजतो का ते विचारून घ्या. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात, आणि ते बॅटरीच्या वायरला अडकवले की शून्य दाखवतात. मी असाच एक आणला होता आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून अख्खी दुपार कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा) बिघडलाय असं समजत बसलो.

गणपती गेले, ऑक्टोबरचं ऊन पडलं. एक दिवस पूर्ण ऊन मिळू दिलं, संध्याकाळी इन्व्हर्टर बंद केला आणि रात्रभर बॅटरीवर काहीच चालवलं नाही. पहाटे, पॅनेलवर उजेड पडायच्या आत, बॅटरीच्या दोन खुंटांवर मीटर लावला. १२.०४ व्होल्ट.

इथे एक घोळ होतो तो सांगतो. इंटरनेटवरच्या तक्त्यांत भरलेल्या बॅटरीचे १२.७ व्होल्ट लिहिलेले असतात. ते गाडीच्या बॅटरीचे. इन्व्हर्टरच्या बऱ्याच ट्युब्युलर बॅटऱ्यांत ॲसिड जरा सौम्य असतं, पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड हा हायड्रोमीटरचा आकडा, १.२४० च्या आसपास. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा आणि सहाने गुणा, म्हणजे निवांत बॅटरीचा व्होल्टेज ढोबळमानाने मिळतो. १.२४० ला तो येतो १२.४८. म्हणजे ट्युब्युलर साडेबारावर थांबली तर ती भरलेली आहे, उगाच घाबरू नका. पण १२.०४ म्हणजे अर्धी रिकामी. तीही दिवसभर ऊन खाऊन.

मग हायड्रोमीटर. डोळ्यांवर चष्मा, जुना शर्ट आणि शेजारी खायच्या सोड्याचं पाणी, एवढी तयारी ठेवा. ॲसिडचा थेंब सुती कपड्यावर पडला तर लगेच दिसत नाही, पुढच्या धुण्यात भोक पडतं. सहाही सेलची ग्रॅव्हिटी १.१६० ते १.१७० मध्ये आली. ही वाईट बातमी वाटते, पण ही चांगली बातमी होती. पाच सेल १.२३० आणि एकच १.१२० आला असता तर तो सेल गेला असं समजायचं, त्याला इलाज नाही, वॉरंटी असेल तर दुकान गाठायचं. सहाच्या सहा सारखे खाली असतील तर बॅटरी मोडलेली नाही, तिला पुरेसं मिळत नाहीये. पाणी घातल्यावर लगेच ग्रॅव्हिटी मोजू नका. वरचं पाणी खाली मिसळेपर्यंत आकडा खोटा येतो, एक-दोन वेळा चार्ज होऊ द्या.

३३५ वॉटचं पॅनेल आणि १०० वॉटचं चार्जिंग

आता खरी जागा. आमच्या पॅनेलमागच्या स्टिकरवर लिहिलंय ३३५ वॉट, ३७.८ व्होल्ट, ८.८७ अँपिअर. बसवणारा म्हणाला होता, "दादा, डबल साइजचं पॅनेल दिलंय, बॅटरी दुपारी बारालाच फुल." पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये त्याने ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला.

भर दुपारी, लख्ख उन्हात, क्लॅम्प मीटर लावला. बॅटरीत जात होते ७.६ अँपिअर, बॅटरीचा व्होल्टेज १३.४. गुणाकार १०२ वॉट. मग पॅनेलकडून कंट्रोलरमध्ये येणाऱ्या वायरीवर मीटर लावला, तर तिथेही व्होल्टेज साडेतेराच्या आसपासच आणि करंट तेवढाच. ३७ व्होल्टचं पॅनेल साडेतेरावर आणून बांधलं होतं. उरलेले दोनशे वॉट कुठे जळत नव्हते, ते पॅनेलमधून बाहेरच पडत नव्हते.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मुळात एक वेगाने चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो. करंट पॅनेलचा, पण व्होल्टेज बॅटरीचा. ५०० ची नोट द्यावी, दीडशेचा माल मिळावा आणि वर दुकानदाराने सुटे नाहीत म्हणावं, तसा हा व्यवहार. एमपीपीटी कंट्रोलर सुटे करून देतो. तो पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचा बॅटरीसाठी करंट करतो.

पीडब्ल्यूएम वाईट नसतो. ३६ सेलचं, ज्याला दुकानात '१२ व्होल्टचं पॅनेल' म्हणतात आणि ज्याच्या स्टिकरवर १८ व्होल्टच्या आसपास आकडा असतो, त्याला तो चालतो. गडबड होते ती ७२ सेलचं मोठं पॅनेल आणि १२ व्होल्टची एक बॅटरी यांच्यात पीडब्ल्यूएम घातला की. आणि हे गावोगाव झालंय, कारण मोठी पॅनेल वॉटमागे स्वस्त मिळतात आणि पीडब्ल्यूएम सगळ्यात स्वस्त. तुमच्या घरी वर जाऊन स्टिकर बघा. ३० च्या वर व्होल्ट लिहिलेत, बॅटरी एकच आहे आणि कंट्रोलर पीडब्ल्यूएम आहे, तर पुढचं काही मोजायच्या आधी हे निस्तरा. काही स्वस्त कंट्रोलरना तर एवढा व्होल्टेज झेपतच नाही. पॅनेलचा उघड्या वायरीवरचा व्होल्टेज स्टिकरवर वेगळा दिलेला असतो (आमचा ४६ च्या आसपास), तो कंट्रोलरच्या मर्यादेच्या बराच खाली हवा.

मी ३० अँपिअरचा, १०० व्होल्टपर्यंत झेपणारा एमपीपीटी लावला. त्याच उन्हात, तेच पॅनेल: पॅनेलकडून ३२.८ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर, बॅटरीत १३.७ व्होल्ट आणि १७.१ अँपिअर. २३४ वॉट. ३३५ का नाहीत, असं भावाने विचारलं. स्टिकरवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. कोकणातल्या कौलांवर दुपारी पॅनेल ६० अंशांच्या घरात जातं आणि तापलं की व्होल्टेज पडतो. म्हणून वैशाखातल्या कडक उन्हापेक्षा डिसेंबरच्या थंड, स्वच्छ दुपारी आमचा आकडा चांगला येतो.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. उलटं केलं तर पॅनेलचा सगळा व्होल्टेज कंट्रोलर एकटा झेलतो.

आणि नावाला भुलू नका. ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांत 'एमपीपीटी' असं ठसठशीत छापलेले डबे मिळतात, आत बहुतेक वेळा पीडब्ल्यूएमच असतो. ओळखायची पद्धत सोपी. चांगल्या उन्हात, बॅटरी भरलेली नसताना, पॅनेलच्या वायरीवरचा करंट आणि बॅटरीच्या वायरीवरचा करंट मोजा. पॅनेलच्या स्टिकरवरचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा बराच जास्त असून दोन्ही करंट सारखेच आले, तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तो पीडब्ल्यूएम. खरा एमपीपीटी हातात जड लागतो, आत तांब्याच्या तारेचं गलेलठ्ठ वेटोळं असतं.

पावसाळा हे निमित्त, पण बटण आपलं

तरी एक प्रश्न उरला. १०० वॉट का होईना, मिळत होतं. मग उन्हाळ्यात चालायचं आणि गणपतीत बसायचं, असं का?

हिशोब मांडला. घरात एरवी आई-बाबा दोघंच. एक पंखा ७५ वॉटचा, चार दिवे ९-९ वॉटचे, राउटर १०, आणि इन्व्हर्टर स्वतः नुसता चालू राहायला १५ वॉटच्या आसपास खातो, हे कोणी धरतच नाही. मिळून १३५-१४०. बॅटरीतून साधारण १३ अँपिअर जातात. तीन तास चाललं की ४० अँपिअर-तास गेले. आणि पीडब्ल्यूएमवर चांगल्या उन्हाच्या दिवशी येणार किती? साडेसात अँपिअर गुणिले पाच तास, म्हणजे ३८. शिवाय शिशाच्या बॅटरीतून जेवढं काढलं त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त परत घालावं लागतं. म्हणजे भर उन्हाळ्यातही ती काठावर जगत होती. जुलैत आमच्याकडे सलग आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दुपारी बाराला मीटर एक-दीड अँपिअर दाखवतो. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि बरेच दिवस तसंच राहिलं की ते घट्ट होतं, चार्ज केलं तरी सुटत नाही. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने हे चाललं की गणपतीत दुसरं काय होणार?

पण थांबा, लाइट रोज तीन तास जात होती का? नाही. इथे दुसरी गंमत सापडली.

संध्याकाळी सात ते दहा आमच्याकडे लाइट असते, पण व्होल्टेज १५०-१६०. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा वाइड. यूपीएसवर ठेवलं की बहुतेक इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खालची लाइट घेतच नाहीत, सरळ बॅटरीवर जातात. हे कॉम्प्युटरसाठी ठीक आहे. नॉर्मलवर तोच इन्व्हर्टर १०० च्या आसपासपर्यंत सांभाळून घेतो. आमचं बटण बसवल्यापासून यूपीएसवर. म्हणजे शेजारच्या घरात दिवे मिणमिण का होईना लाइटवर चालत होते आणि आमच्याकडे लख्ख उजेड बॅटरीवर. आई कौतुकाने सांगायची, "आपल्याकडे व्होल्टेज कसा छान असतो!"

आणि दुसरं बटण, लाइटवरून चार्जिंग चालू किंवा बंद. बसवणाऱ्याने बंद ठेवलेलं, फुकटचं ऊन असताना बिल कशाला म्हणून. एप्रिलमध्ये बरोबर आहे. जुलैत याला काटकसर म्हणत नाहीत. आता मिरगाच्या आसपास ते बटण चालू होतं आणि गणपती विसर्जनानंतर बंद. बिलात महिन्याला काही युनिटं वाढतात, ती बॅटरीच्या किमतीपुढे चहापाण्याइतकी.

तिथेच बॅटरीचा प्रकार निवडायचंही बटण असतं: ट्युब्युलर, साधी, एसएमएफ (म्हणजे सीलबंद). ते एकदा बघून घ्या. बाहेरच्या छोट्या कंट्रोलरवर हेच बी-१, बी-२, बी-३ असं येतं. कारखान्यातून तो बहुधा सीलबंद बॅटरीवर लावून येतो, जिथे चार्जिंगचा व्होल्टेज कमी ठेवलेला असतो. पाण्याच्या ट्युब्युलरला १४.४ पर्यंत चढायला मिळालं पाहिजे आणि भरल्यावर साडेतेरा-पावणेचौदावर थांबलं पाहिजे. १३.८ वरच कंट्रोलर 'फुल'चा दिवा लावत असेल तर त्या दिव्यावर जाऊ नका.

काकीची वायर

पॅनेल आणि कंट्रोलर एकमेकांना शोभणारे असतील तर पुढचा संशय वायरीवर.

वरच्या वाडीत काकीकडे १००-१०० वॉटची दोन १२ व्होल्टची पॅनेल आहेत, जोडणी समांतर, पीडब्ल्यूएम, सगळं बरोबर. पॅनेल गोठ्यावर, बॅटरी घरात पडवीच्या कोपऱ्यात. मध्ये १८ मीटर अंतर आणि घर बांधताना उरलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर, जी दिव्याच्या बटणांना वापरतात. काकीचं म्हणणं, "अरे, वायर तांब्याचीच आहे की!"

आहे, पण बारीक. पॅनेलपाशी वर चढून मोजलं, १६.२ व्होल्ट. त्याच वेळी खाली कंट्रोलरवर तिचा नातू मीटर धरून ओरडला, "तेरा पूर्णांक नऊ!" मध्ये २.३ व्होल्ट वायरीत गेले, आणि करंट फक्त ५.२ अँपिअर. जाऊन-येऊन ३६ मीटर वायर, तिचा रोध ०.४४ ओहम, त्याला ५.२ ने गुणा, तेच २.३ येतात. दीड चौरसाची तांब्याची वायर मीटरमागे साधारण १२ मिलीओहम धरा, अडीचची साडेसात, चारची पाच, सहाची सव्वातीन. लांबी नेहमी दोन्ही बाजूंची मोजायची. १२ व्होल्टवर एकेक व्होल्ट मोलाचा असतो. १८ व्होल्टचं पॅनेल तापल्यावर साडेपंधरावर येतं, त्यातले अडीच वायरीत गेले तर १४.४ कुठून चढणार? सहा चौरसाची सोलरची डीसी केबल टाकली आणि करंट ९ च्या वर गेला. बॅटरी तीच.

काकीकडे आणखी एक होतं. दुपारी दोननंतर माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची. कोपराच तर आहे, असं वाटतं. पण पॅनेलमधले सेल एकामागे एक ओळीत जोडलेले असतात. १२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये बहुधा दोनच बायपास डायोड असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली की अर्धं पॅनेल वगळलं जातं आणि उरलेल्या अर्ध्याचे ९ व्होल्ट. ९ व्होल्टने १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही. म्हणजे हातभर सावलीने दोनातलं एक पॅनेल पूर्ण बाद. तीच गोष्ट खालच्या कडेला साचणाऱ्या मातीची आणि शेवाळाची. पाऊस पॅनेल धुतो हे खरं, पण चौकटीच्या खालच्या पट्टीला जे अडकतं ते पाऊसच घट्ट करतो. सकाळी पॅनेल गार असताना साधं पाणी आणि मऊ फडकं, बाकी काही नको.

गरम लागणारा लग

लोड टाकताक्षणीच टीं-टीं होत असेल आणि लोड काढला की बॅटरी पुन्हा १२.५ दाखवत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायच्या आधी जोड तपासा. समुद्राच्या हवेत हे फार होतं. आमच्या बॅटरीच्या धन खुंटावर हिरवट-पांढरं फूल धरलं होतं, ते पुसलं, नट आवळला, दिसायला सगळं छान. पण पंखे आणि दिवे मिळून साडेतीनशे वॉट टाकल्यावर दहा मिनिटांत लगला, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कडीला, बोट लावलं तर चटका.

याची चाचणी सांगतो, कारण वायरमन मंडळीही ती क्वचित करतात. लोड चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक शिशाच्या खुंटावर, म्हणजे नटावर किंवा लगवर नव्हे, खुद्द खुंटावर. दुसरं टोक त्याच वायरीच्या तांब्यावर, लगच्या पलीकडे. दोन्ही टोकं एकाच बाजूला, म्हणून मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. काही मिलीव्होल्ट चालतात. आमच्याकडे आले ०.६ व्होल्ट. ३५ अँपिअरला हे २१ वॉट होतात, म्हणजे त्या एवढ्याशा जोडात एक बारका सोल्डरिंग गन चालू होता. लग कापून काढला तेव्हा आत तांबं काळं पडून त्याचा चुरा झालेला. बसवताना पक्कडीने चेपला होता. तो क्रिम्पिंगच्या हत्याराने चेपायचा असतो. नवीन लग, खुंट सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन कोरडा केला, घट्ट आवळला आणि मग वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी नाही, शेवटी.

मल्टिमीटरने अँपिअर मोजल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातून काढून परत व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका. त्याच अवस्थेत बॅटरीला लावलं तर शॉर्ट होतो. मी एक मीटर आणि एका भुवईचे थोडे केस असे घालवलेत.

पाण्याबद्दल थोडक्यात: डिस्टिल्ड वॉटरच, खुणेपर्यंतच, ॲसिड कधीच नाही. एसीतून ठिबकणारं पाणी आणि कौलांवरून धरलेलं पावसाचं पाणी, दोन्ही डिस्टिल्ड नव्हेत.

बॅटरी परत आणता येते का

थोडी येते. वरचं सगळं निस्तरल्यावर मी चार दिवस इन्व्हर्टर सोडवून ठेवला आणि कंट्रोलरच्या इक्वलायझेशनवर, म्हणजे मुद्दाम जास्तीच्या चार्जिंगवर, १४.८ व्होल्टला, बॅटरी शिजू दिली. शब्द बरोबर वापरलाय, ती बुडबुडते. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून पडवीची दारं-खिडक्या उघडी, जवळ देव्हाऱ्यातली समई नाही, उदबत्ती नाही. दर दुपारी ग्रॅव्हिटी लिहून ठेवली. चौथ्या दिवशी ती चढायची थांबली: पाच सेल १.२२५, एक १.२०५. आधी १०० वॉटचा जुना बल्ब इन्व्हर्टरवर दोन तास चाळीस मिनिटं चालायचा, आता सात तास. नवी बॅटरी याहून बरंच जास्त चालवते, म्हणजे जे घट्ट बसलं ते बसलंच. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला. सीलबंद किंवा जेल बॅटरीला इक्वलायझेशन दिलंत तर तिचं पाणी उडून जाईल आणि ते परत घालायची सोय नसते.

लिथियमचं विचारतात म्हणून. लिथियम फॉस्फेट बॅटरी अर्धपोटी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, आणि आमच्यासारख्या पावसाळ्यात हाच तिचा मोठा गुण. पण कंट्रोलर आणि इन्व्हर्टर दोन्हींना लिथियमची सेटिंग हवी, इक्वलायझेशन बंद हवं, आणि व्होल्टेज बघून किती उरली हे तिच्या बाबतीत कळत नाही. शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि मग एकदम बंद. खुंटांवर शून्य आलं तर ती मेली असं समजू नका, बहुधा आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी राखणाऱ्या सर्किटने, दार लावून घेतलेलं असतं. लिथियमची सेटिंग असलेला चार्जर लावला की बऱ्याचदा उघडतं.

आणि ज्यांनी पीएम सूर्यघर योजनेतून छतावर तीन किलोवॉट बसवलंय आणि तरी लाइट गेली की अंधार, त्यांचा बिघाड शोधत बसू नका. बॅटरीशिवायचा, लाइनला जोडलेला सोलर लाइन गेली की मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. तो बिल कमी करतो. अंधारासाठी बॅटरी वेगळीच लागते.

२०२४ चा गणपती त्याच बॅटरीवर गेला. दुसऱ्या रात्री आरतीतच लाइट गेली, अडीच तासांनी आली, तोपर्यंत इन्व्हर्टर गप्प होता. मध्ये एकदाच ओरडला, वहिनीने वाटपासाठी ७५० वॉटचा मिक्सर लावला तेव्हा. तो त्या इन्व्हर्टरला झेपणारच नाही, बॅटरी कितीही भरलेली असो. मिक्सरच्या प्लगवर आता लाल चिकटपट्टी आहे.

एकच चुटपुट लागून राहिलीय. २०२२ मध्ये पहिली बॅटरी दुकानात परत दिली तेव्हा दुकानदाराने मीटरही न लावता "सेल गेलेत" म्हटलं, आणि आम्ही ती भंगाराच्या भावाने टाकून आलो. सहाही सेलची ग्रॅव्हिटी तेव्हा किती होती, कोणी बघितलीच नाही.